डबा फेकू नका : तणनाशकाची बाधा झाली तर कंपनीला जाब कसा विचारायचा

काटोलकडे माझ्या मामेभावाची संत्र्याची बाग आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथे तणनाशक मारणाऱ्या माणसाच्या पाठीवर पंप गळला. ओली बनियन दिवसभर अंगाला चिकटून होती. रात्री पाठ लाल झाली, दुसऱ्या दिवशी फोड आले, चौथ्या दिवशी धाप लागली. नागपूरच्या एका दवाखान्यात अकरा दिवस काढून माणूस घरी आला. जगला, हे नशीब. मी त्याचं डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं तर निदानाच्या जागी दोनच शब्द होते : अज्ञात विषबाधा.

"वहिनी, डबा कुठं आहे?" मी विचारलं. त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. पाच लिटरचा पांढरा डबा आडवा कापलेला, लेबल खरवडून काढलेलं, आणि त्यातून कोंबड्या पाणी पीत होत्या.

"चांगला मजबूत डबा होता जी. दोनदा धुतला मी."

बिलाच्या नावावर वहीच्या कागदाचा चिटोरा होता. त्यावर 'तण औषध' आणि खाली रक्कम. कंपनीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, तारीखसुद्धा नाही. मी विधी सेवेचा स्वयंसेवक म्हणून गावोगाव फिरतो, वकील नाही. पण पुढे काय होणार हे कळायला वकील लागत नव्हता. जाब विचारायचा, पण कोणाला?

म्हणून हा लेख. कंपनीला जबाबदार धरण्याचं काम कोर्टात सुरू होत नाही, ते त्या डब्यापासून सुरू होतं.

अमेरिकेतल्या माळ्याकडून काय शिकायचं

ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने ड्वेन जॉन्सन यांच्या बाजूने निकाल दिला. ते शाळांच्या मैदानांवर ग्लायफोसेटची तणनाशकं फवारायचे, आणि त्यांना नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा कर्करोग झाला होता. ज्यूरीने मोन्सॅन्टोवर २८ कोटी ९० लाख डॉलर लावले. आधी त्याच कोर्टाच्या न्यायाधीशांनी आणि मग अपिलात ते कापत कापत २ कोटी ५ लाखांवर आले. मोन्सॅन्टो त्याच वर्षी बायरने विकत घेतली होती. २०२० मध्ये बायरने अशा हजारो दाव्यांच्या तडजोडीसाठी १,०९० कोटी डॉलरपर्यंतची तयारी जाहीर केली, मात्र चूक कबूल केली नाही. कंपनी आजही औषध सुरक्षित असल्याचं सांगते, आणि अमेरिकेची पर्यावरण संस्थाही ग्लायफोसेटमुळे कर्करोग होण्याची शक्यता नाही असंच म्हणते. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याला '२ अ' गटात, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. विज्ञानातला हा वाद मिटलेला नाही, तेव्हा गावच्या सभेत कोणी एकच बाजू सांगत असेल तर थोडं सावध राहा.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. जॉन्सन यांच्या अंगावरही पाइप निसटून औषध सांडलं होतं. नंतर अंगावर चट्टे उठले तेव्हा त्यांनी कंपनीला फोन करून विचारलं, आणि त्या फोनची नोंद कंपनीच्याच कागदांत निघाली. 'तुम्हाला धोका माहीत होता, तरी लेबलवर लिहिला नाही' हे ज्यूरीला पटलं ते कंपनीच्या आतल्या ईमेलमुळे. कंपनीचे कागद कंपनीकडेच असतात, ते काढण्याची ताकद कोर्टाकडे आहे. आपल्या हातात असतं ते आपल्या बाजूचं दप्तर, आणि आपण नेमके तिथेच उघडे पडतो.

पहिला दिवस : डबा गाडीत घ्या

आधी माणूस. औषधाने भिजलेले कपडे ताबडतोब काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर डॉक्टरांनाही सल्ला देतं. हा नंबर आताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

आणि डबा सोबत न्या, टोपण घट्ट लावून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. डॉक्टरांना व्यापारी नाव नको असतं, टेक्निकल नाव हवं असतं. लेबलवर ते बारीक अक्षरात असतं : ग्लायफोसेट ४१ टक्के एसएल, पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के एसएल, २,४-डी. 'राउंडअप मारलं' एवढ्याने भागत नाही. राउंडअप हे मोन्सॅन्टोच्या ग्लायफोसेटचं व्यापारी नाव, पण आपल्याकडे कुठल्याही तणनाशकाला राउंडअप म्हणायची सवय आहे, डब्यात प्रत्यक्षात भलतंच असतं.

हे नाव इतकं महत्त्वाचं का? विदर्भात फवारणीची विषबाधा म्हटली की डॉक्टरांच्या डोळ्यासमोर आधी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं येतात. त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन चालतं आणि रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम घटलंय का ते तपासतात. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट त्या जातीची नाहीत. नाव माहीत नसताना कोलिनेस्टरेज तपासलं, ते नॉर्मल आलं आणि 'विषबाधेचा पुरावा नाही' असा शेरा पडला, तर दोन वर्षांनी कंपनीचा वकील नेमका तोच कागद वर काढतो.

पॅराक्वाट त्याहून वाईट. त्याला उतारा नाही. पहिल्या दिवशी पेशंट बोलतो, चहा मागतो, घरच्यांना वाटतं निभावलं. मग मूत्रपिंड बिघडतं आणि काही दिवसांनी फुप्फुसं आक्रसू लागतात. हे बहुतेक पोटात गेल्यावर होतं, पण जखमी कातडीवर बराच वेळ राहिलेलं औषधही अंगात भिनतं. म्हणूनच गळका पंप ही किरकोळ गोष्ट नाही. धाप लागली की नातेवाईक ऑक्सिजनसाठी घाई करतात, पण पॅराक्वाटमध्ये ऑक्सिजनमुळे फुप्फुसाची हानी वाढू शकते. म्हणून रक्तातला ऑक्सिजन फार खाली आल्याशिवाय डॉक्टर तो देत नाहीत. तिथे वाद घालू नका. लघवीत पॅराक्वाट आहे का हे पाहायची डायथायोनाइटची साधी चाचणी असते, निळा रंग आला तर आहे. ती झाली का हे विचारा आणि निकाल केसपेपरवर लिहून घ्या. रक्त-लघवीचे नमुने पहिल्याच दिवशी घ्यायची विनंती करा. ग्लायफोसेट काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, मग शोधायला काही उरत नाही.

दवाखान्यातून तीन गोष्टी घेतल्याशिवाय निघू नका : एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद झाली आहे का आणि तिचा नंबर काय, केसपेपरवर औषधाचं टेक्निकल नाव, आणि 'शेतात फवारणी करताना अंगावर सांडले' हे वाक्य. शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. विषबाधा म्हटली की आपल्याकडे पहिला संशय 'पिऊन घेतलं असेल' हाच असतो, आणि केसपेपरवर तसं पडलं की ते पुसता पुसत नाही. सगळ्या कागदांच्या नकला लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे अर्जानंतर ७२ तासांत त्या द्यायच्या असतात, आणि नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. चौथ्या वर्षी गेलात तर 'रद्दीत गेलं' हे उत्तर ठरलेलं आहे.

माणूस दगावला, तर शवविच्छेदन करूनच घ्या. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, न्यायसहायक प्रयोगशाळेत जाताना सोबतच्या पत्रात पोलिसांना संशयित औषधाचं नाव लिहायला लावा. नेहमीच्या चाचणीत ही दोन तणनाशकं सहज हाती लागत नाहीत, त्यांना वेगळी पद्धत लागते. नाव नसेल तर प्रयोगशाळा ती वापरणारच नाही, आणि अहवाल येईल : विष आढळले नाही.

डबा, बिल आणि लॉट नंबर

डबा न धुता, उरलेल्या औषधासकट ठेवा. चारी बाजूंनी फोटो काढा : लेबल, कंपनीचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, लॉट किंवा बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि तो रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पॅराक्वाटच्या डब्यावर पिवळा असतो. डब्यासोबत घडीपत्रक आलं होतं का? ते मराठीत होतं का? नियमांप्रमाणे लेबल आणि पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत असायला हवं. अक्षर किती बारीक आहे हे दाखवायला शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. ही माझी युक्ती, कायद्यात कुठे लिहिलेली नाही, पण तो फोटो समोर आला की फार समजवावं लागत नाही.

बिल पक्कं मागा. कॉटन मार्केटचं मोठं दुकान असो की गावातलं कृषी केंद्र, बिल देणं परवानाधारकाचं काम आहे. बिल नसेल तर दुसरे धागे शोधा : फोनपेची नोंद, उधारीची वही, दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला 'हे मारा' असा फोटो, सोबत आलेल्या शेजाऱ्याचा जबाब.

आता एक अडचणीची गोष्ट. पुष्कळांनी चोर बीटी लावलेलं असतं. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि तणनाशकाने मरत नाही असं कपाशीचं बियाणं चोरून मिळतं. जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ते उघड लावून सविनय कायदेभंगही केला होता. पण ते बियाणं मंजूर नाही, आणि ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेपुरती आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रण चालकांमार्फतच, म्हणजे फवारणीचा परवाना असलेल्या व्यावसायिकांकडूनच, करायचा असं ठरवलं. म्हणजे कंपनी म्हणणार, 'तुम्ही चुकीचं वापरलं.' तुम्ही खोटं बोलू नका, उलटतपासणीत सगळं बाहेर येतं. यावरचं उत्तर कायद्यात आहे, पुढे येईल.

आजार सावकाश आला असेल तर

दहा-पंधरा वर्षं फवारणी केली आणि आता लिम्फोमा निघाला, किंवा हात थरथरू लागला. पॅराक्वाट आणि कंपवात यांच्या संबंधावरून अमेरिकेत हजारो दावे चालले, इलिनॉयच्या संघीय न्यायालयात ते २०२१ पासून एकत्र केले गेले. इथे एका डब्यावर बोट ठेवता येत नाही, म्हणून फवारणीचा इतिहास लिहून काढावा लागतो. एक दोनशे पानी वही घ्या आणि मागे मागे जा : कोणत्या वर्षी कोणतं पीक, किती एकर, हंगामात किती पंप, कोणतं औषध, हातमोजे होते का, किती वेळा अंग भिजलं. वर्ष आठवत नसेल तर पोरीचं लग्न, बोअर मारली ते साल, कोरोनाचं साल अशा खुणांवरून लावा. सातबारावरच्या पीकपेऱ्याची नोंद जोडा. दुकानदाराच्या जुन्या खात्याचा उतारा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

कर्करोग असेल तर बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नको, काढलेल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या जपून ठेवायची लेखी विनंती करा. लिम्फोमाचा नेमका प्रकार पुढे पुन्हा तपासावा लागू शकतो. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना व्यवसाय 'शेती' एवढाच न लिहिता 'तणनाशक फवारणी, अमुक वर्षे' असं लिहायला सांगा.

खरं सांगतो, सावकाश आलेल्या आजाराचा दावा इथे फार अवघड आहे. भाजलेली पाठ, डोळा, फुप्फुस अशी तत्काळ झालेली इजा असेल तर तिच्यावरच भर द्या. कर्करोगाचा वाद त्यात ओढून केस पातळ करू नका.

कृषी खातं

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, आणि तणनाशकही त्यात 'कीटकनाशक'च आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याला, आणि दोन्हीवर पोच घ्या. मागणी एकच नेमकी ठेवा : याच लॉटचा नमुना कीटकनाशक निरीक्षकाने दुकानातून घेऊन तपासणीला पाठवावा. उशीर केलात तर तो लॉट विकून संपतो. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विषबाधेच्या घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकतं, आणि कलम २७ प्रमाणे लोकांच्या जिवाला धोका दिसला तर विक्री काही काळ थांबवू शकतं. तक्रारीत ही कलमं घातली की अर्ज टेबलावर जरा कमी दिवस पडून राहतो.

नमुना 'पास' झाला की सगळे म्हणतात, संपलं. नाही. पास याचा अर्थ एवढाच की लेबलवर जे लिहिलं तेच डब्यात आहे. औषध बोगस निघालं तर दोष बनवण्यातला. औषध अस्सल असूनही माणूस जायबंदी झाला, तर प्रश्न इशाऱ्याचा आणि रचनेचा. पास झालेला नमुना कधी कधी आपलीच बाजू पक्की करतो : याच कंपनीचं, हेच रसायन, हे सिद्ध झालं.

याच कायद्याखालच्या १९७१ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाही. कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण देण्याची व्यवस्था करणं हे उत्पादक आणि वितरकांचं काम आहे. तेव्हा तक्रारीत विचारा : आमच्या तालुक्यात कंपनीने असं प्रशिक्षण कधी, कुठे, कोणाला दिलं? हाच प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कृषी खात्यालाही टाका. फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे त्या औषधाचं मंजूर लेबल आणि पत्रक मागा. मंजूर लेबलात असलेला इशारा बाजारातल्या डब्यावर नसेल, तर तुमची निम्मी केस तिथेच उभी राहिली.

कायदा कुठे पकडतो, कुठे सोडतो

माझ्या मते सामान्य माणसासाठी सगळ्यात जवळची वाट म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्यात 'उत्पादन दायित्व' हे वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. इजा, आजार, मृत्यू, मानसिक त्रास हे सगळं 'हानी'त येतं.

'शेतकरी ग्राहक नाही, तो धंद्यासाठी घेतो,' असं समोरचा म्हणेलच. बियाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात हा मुद्दा फेटाळला. शेतकरी ग्राहक मंचात जाऊ शकतो, आणि त्याने पेरलेल्या बियाण्याचा नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असं सांगितलं. तो निकाल जोडा. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच, म्हणून मालकाने आणलेलं औषध मारणारा मजूर स्वतःच्या नावाने तक्रार करू शकतो.

कलम ८४ प्रमाणे उत्पादक कधी अडकतो? बनवण्यात दोष, रचनेत दोष, ठरलेल्या मापदंडापासून फारकत, दिलेल्या हमीप्रमाणे नसणं, आणि पाचवं म्हणजे योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसणं. हे पाचवं पोट-कलम आपलं हत्यार आहे, आणि चोर बीटीच्या अडचणीवरचं उत्तरही. चुकीच्या वापराबद्दल इशारा देणंही कंपनीचंच काम आहे. विदर्भात कपाशीत आणि संत्र्यात हे औषध सर्रास मारलं जातं, हे विक्रीच्या आकड्यांवरून कंपनीला कळत नसेल, यावर कोणाचा विश्वास बसेल?

दुकानदारासाठी कलम ८६ आहे. कंपनीने दिलेले इशारे त्याने पुढे पोचवले नाहीत, स्वतःच वेगळी हमी दिली ('काही होत नाही जी, बिनधास्त मारा'), किंवा बनवणारा कोण हेच माहीत नाही, तर तो सापडतो. बोगस औषधात म्हणूनच दुकानदाराला पक्षकार करायला विसरू नका.

आता कलम ८७, कंपनीच्या पळवाटा. हे आधीच वाचलं नाही तर केस पहिल्याच जबाबात पडते. इशारा पुरेसा नव्हता एवढ्यावर दावा असेल, तर तो या परिस्थितीत टिकत नाही : मालकाने कामासाठी औषध घेतलं आणि कंपनीने मालकाला इशारे दिले होते, औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचं होतं आणि कंपनीने तज्ज्ञाला बजावलं होतं, किंवा वापरताना माणूस दारूच्या अंमलाखाली होता. पहिल्यासाठी मालकाचा जबाब घ्या, त्याला खरंच कोणी काही सांगितलं होतं का. दुसरी पळवाट ग्लायफोसेटला नेमकी बसते, कारण २०२२ च्या अधिसूचनेने ते चालकांमार्फत ठरवलं. पण मग प्रश्न उलटा फिरवा : तेच औषध साध्या शेतकऱ्याला काउंटरवर कसं मिळालं? तिसऱ्यासाठी केसपेपरवर दारूबद्दल काय लिहिलंय ते पहिल्याच दिवशी वाचून घ्या. धोका सगळ्यांना माहीतच आहे, अशीही एक ढाल कायद्यात आहे. 'विष ते विषच' हे सगळ्यांना माहीत असतं. गळका पंप पाठीवर राहिला तर फुप्फुस जाऊ शकतं, हे किती जणांना माहीत आहे?

तक्रार दाखल करताना

आधी कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्ही. लॉट नंबर, तारीख, काय झालं, उपचार काय झाले, आणि दोन प्रश्न : या औषधाच्या अशा बाधेच्या किती तक्रारी तुमच्याकडे आल्या आहेत, आणि आमच्या भाषेत तुम्ही काय इशारा दिला होता. उत्तर बहुधा येणार नाही. न आलेलं उत्तरही फाइलला लावायचं असतं.

मग जिल्हा ग्राहक आयोग. नागपूरकरांना सिव्हिल लाईन्समध्ये जायचं. कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवरून नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून ठरतं. डबा काही शे रुपयांचा, म्हणून भरपाई लाखांची मागितली तरी जागा जिल्हा आयोगच, आणि मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की आणखी कुठली. वकील सक्तीचा नाही, पण इथे घ्याच. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्नाची माणसं यांना मोफत वकील मिळतो.

मुदत घटनेपासून दोन वर्षं. उशिराचं ठोस कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका.

तक्रारीसोबतच अर्ज करा की उरलेलं औषध सील करून प्रयोगशाळेत पाठवावं. तज्ज्ञाचं मत लागेलच, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून मिळालं तर उत्तम.

केस चालेपर्यंत घर चालायला हवं. सातबारावर नाव असेल किंवा त्या कुटुंबातले असाल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा बसते. मृत्यूला दोन लाख रुपये, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत. बिनजमिनीच्या मजुराला ती लागू नाही, आणि पंप बहुधा त्याच्याच पाठीवर असतो.

परदेशी कंपनी असेल तर

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. ती औषधं कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, पण वाट तीच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे सिंजेंटा या स्विस कंपनीविरुद्ध तक्रार गेली. दोन विधवा आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याने बासेलमध्ये दिवाणी दावाही लावला. कंपनीने आपल्या औषधामुळे हे झाल्याचं नाकारलं. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी ओईसीडीची (मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची) जी आचारसंहिता आहे, तिच्याखाली संपर्क केंद्राकडे अशी तक्रार करता येते. फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण निर्णयही बंधनकारक नाही. भारत त्या आचारसंहितेत सामील नाही, म्हणून कंपनीचं मुख्यालय ज्या देशात, तिथे जायचं. एकट्याने हे होत नाही. यवतमाळच्या लोकांनी आधी बाधितांची संघटना बांधली, बाहेरच्या संस्थांची मदत घेतली. एकाच हंगामात एकाच औषधाने तुमच्या तालुक्यात पाच-सात माणसं आजारी पडली असतील, तर पहिलं काम त्यांची यादी करणं.

कोणी पाकीट घेऊन घरी आलं तर

तक्रारीचा वास लागला की दुकानदार, कधी कंपनीचा फिरता माणूस, घरी येतो. वीस-तीस हजार रुपये, एक स्टँप पेपर आणि 'कायले कोर्टात जाता काका'. पैसे घेणं गुन्हा नाही. उपचाराचं बिल समोर असताना नाही म्हणा असं सांगणं मला तरी जमत नाही. पण कागदावर 'संपूर्ण व अंतिम', 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' किंवा 'वापर माझ्याच चुकीने झाला' असं काही असेल तर सही करू नका. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या, सगळ्यांसमोर. रक्कम घ्यायचीच असेल तर ती खात्यावर घ्या, आणि पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा : 'उपचारासाठी मदत म्हणून, माझे सर्व हक्क राखून स्वीकारले.' मग त्या पावतीचा फोटो काढा, त्या माणसाच्या हातात द्यायच्या आधी.